चौदा जोड्या हव्यात!

मी एक जुना झगा आहे. पण थांबा मित्रांनो, 'जुना झगा' म्हटल्याबरोबर फरशी पुसायचं फडकं डोळ्यांपुढे आणू नका. मी आकाशी रंगाचा, पायघोळ, सात झालरींचा, पाठीवर बावीस हुकं असलेला पंधराव्या वाढदिवसाचा झगा आहे. आमच्या क्युबात मुलगी पंधरा वर्षांची झाली की तिचा जो थाट होतो, तो लग्नातही होत नाही. लग्नाचं काय, ते दोनदा होतं, तीनदाही होतं. पंधरावं वरीस एकदाच येतं. त्यामुळे माझा मान मोठा आहे आणि तो मला ठाऊक आहे.

माझं गाव सान्ता रुफिना. साखर कारखान्याचं गाव. कारखाना बंद पडून वीस वर्षं उलटली, चिमणीवर झाड उगवलं, तरी गावाला सगळे अजून कारखान्याचं गावच म्हणतात. गावात अजून चालू असलेल्या जुन्या वस्तू बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यातला एक मी.

माझा जन्म १९८० सालचा. एर्मिनिया नावाची शिवणकाम करणारी बाई होती. तिची मुलगी नेरेइदा त्या वर्षी पंधरा वर्षांची होणार होती. कापड तेव्हा रेशनवर मिळायचं, आणि एका घराच्या वाट्यात झगा काही होत नसे, फार तर झग्याची एक बाही झाली असती. म्हणून एर्मिनियाने शेजारच्या चार बायकांपुढे तोंड उघडलं. त्या चौघींनी आपापल्या वाट्याचं कापड दिलं, पण फुकट नाही. अट घातली की नेरेइदाचा वाढदिवस झाला की झगा पुढच्या पोरीचा, तिचा झाला की त्याच्या पुढचीचा.

"देईन, देईन," एर्मिनिया म्हणाली. "पण आईस्क्रीमचे डाग घेऊन कुणी परत आणला, तर त्या पोरीला मी लग्नातसुद्धा रुमाल शिवून देणार नाही."

बाई बोलायला तिखट, पण हाताला देव होता. तिने माझ्या प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली. आज नेरेइदाच्या मापाची, उद्या कुणा जाडीच्या, परवा कुणा काटकुळीच्या अंगावर मला चढायचं होतं ना! त्यामुळे मी मुळातच एकट्या पोरीसाठी शिवलेला नाही. सगळ्या गावाच्या मापाचा आहे.

आता वाढदिवसाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या रीतीवरूनच घडलं. पंधरा वर्षांची मुलगी हॉलच्या मधोमध वॉल्ट्झ नाचते. तिच्याभोवती चौदा जोड्या नाचतात. चौदा जोड्या आणि पंधरावी तिची. तेरा चालत नाहीत, बारा तर नाहीच नाहीत. हे गणित आमच्या गावात एवेलियो मास्तर सांभाळायचा. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. दिवसा कारखान्यात फिटर, संध्याकाळी नाचाचा मास्तर. तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता, पण रुबाब असा की कारखान्याचा मॅनेजर त्याला बघून सिगारेट लपवेल.

१९८० साली चौदा जोड्या मिळवणं अवघड नव्हतं, अवघड होतं ते नको असलेल्यांना घालवणं. घरटी पाच-सहा पोरं. एकट्या त्या वर्षी गावातल्या अकरा मुली पंधराव्यात शिरल्या. तालमीला चाळीस-पन्नास पोरंपोरी यायची, आणि एवेलियो एकेकाला बाहेर काढायचा. "ए, तुला पाय आहेत की उसाच्या मोळ्या? चल, घरी जा. पुढच्या महिन्यात दुसरीचा वाढदिवस आहे, तेव्हा ये." हिरमुसलेली पोरं हॉलच्या खिडक्यांना लटकून बघायची. त्यांच्या वजनाने एक खिडकी निखळली होती, ती कारखान्याने तीन वर्षं बसवली नाही.

नेरेइदा मला घालून पहिल्यांदा नाचली. पाठोपाठ सोइला. सोइला म्हणजे गावातला सगळ्यात मोठा आवाज. श्वास रोखून तिने मला अंगात घेतलं आणि पहिल्याच गिरकीत माझी चार हुकं तडातड उडवली. मग एकीमागून एक. मी इतक्या वेळा कमरेत आत घेतला गेलो आणि बाहेर सोडला गेलो, की भरती-ओहोटी काय असते ते मला समुद्रानेही शिकवू नये. शनिवारी नाच, रविवारी धुणं, सोमवारी दुसरीचं माप. घराघरातल्या भिंतीवर रंगीत फोटो लागले. मुलगी वेगळी, नाक वेगळं, हसू वेगळं, झगा मात्र तोच. त्या फोटोंमध्ये कायम चांगला दिसतो तो मीच, हे मी नम्रपणे नमूद करतो.

माणसाचं एकच वय मला नीट ठाऊक आहे, पंधरा. त्याआधीची पोर मला लांबून बघते, त्यानंतरची बाई मला विसरते. त्यामुळे देशात पंधरा वर्षांची माणसं वाढली की घटली, हे सरकारी कचेरीला कागदावर कळायच्या आधी मला कळतं. मी किती शनिवार घराबाहेर होतो, एवढंच मोजायचं.

आणि शनिवार घटू लागले. सोइलाच्या आईला सात मुलं होती, सोइलाला एक झालं. नेरेइदाच्या आईला दोन, नेरेइदाला एक, माइदेलिन. बाया नोकरीला लागल्या होत्या, शिकल्या होत्या, आणि घरं होती तेवढीच होती. एका खोलीत आजी, आई, सून, त्यात सात पोरं कुठे ठेवायची? मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. मात्र त्याचा हिशेब पंधरा वर्षांनी माझ्या पेटीत येऊन पडायचा. वर्षाला अकरा वाढदिवसांचे सहा झाले, मग तीन. २००२ साली माइदेलिनची पंधरावी आली, तेव्हा कारखाना बंद व्हायच्या गोष्टी चालल्या होत्या. गावात नऊच जोड्या जमल्या. एवेलियो शेजारच्या गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाच जोड्या भरून घेऊन आला.

"मास्तर, नऊ जोड्यांनी नाच नाही का होणार?" कुणीतरी विचारलं.

"चार चाकांच्या गाडीला तीन लावून बघ, आणि मग मला विचारायला ये," एवेलियो म्हणाला.

पुढे एर्मिनिया गेली. जायच्या आदल्या आठवड्यात तिने माझी सगळी हुकं तपासली होती. कारखाना बंद पडला, लोक दुसरीकडे कामाला गेले, मग समुद्रापलीकडे गेले. आणि जाणारी माणसं तरुण असतात, मित्रांनो, आपली पोरं काखोटीला मारून जातात. माइदेलिनही गेली. आधी आपण बस्तान बसवू, मग मुलीला नेऊ, म्हणून मुलीला आजीपाशी ठेवून गेली. शेवटी अशी पाळी आली की सलग पाच वर्षं मी पेटीत पडून होतो. डांबराच्या गोळीचा वास, वर जुने पडदे, आणि माझी एक झालर झुरळाने चाखलेली. मी कुढलो. खोटं कशाला सांगू? गावातलं पंधरावं वरीसच संपलं, असं मला वाटू लागलं.

तर २०२४ सालच्या वसंतात पेटीचं झाकण उघडलं. वाकून बघत होती लियानेत, माइदेलिनची मुलगी, नेरेइदाची नात. लांब हात, लांब पाय, आणि जिभेला पणजीची धार. ऑगस्टमध्ये ती पंधरा वर्षांची होणार होती.

"आजी, हाच ना तो? ह्यावर तर कीड पडलीये."

कीड! मी कॉलर ताठ केली असती, पण मला कॉलर नाही.

"कीड नाही ती, एका झुरळाने चावा घेतलाय," नेरेइदा म्हणाली. "झालर बदलता येते. ठेव तो. तुझी आई काय म्हणाली ते विसरलीस का?"

माइदेलिन फोनवर जे म्हणाली होती ते मीही पेटीतून ऐकलं होतं. "आई, तिथे नाचायला आहे कोण? शहरातल्या स्टुडिओत ने तिला, मी सगळी सोय करते. सहा झगे बदलून फोटो काढतात, मागे समुद्राचा पडदा लावतात. झाला वाढदिवस!" हल्ली बऱ्याच मुलींचा वाढदिवस असाच होतो. मुलगी नाचत नाही, उभी राहते.

"मला उभं राहायचं नाही," लियानेत म्हणाली. "मला नाचायचंय. इथे, आपल्या हॉलमध्ये, चौदा जोड्यांत."

"कुणाबरोबर नाचशील, बाळा? गावात तुझ्या वयाचं आहे तरी कोण?"

लियानेतने बोटं मोजली. चौदा ते सोळा वयाचे गावात तिघेच होते. एक ती स्वतः, आणि दोघे जुळे भाऊ, जे जूनमध्ये मामाकडे परदेशी जाणार होते. एका हाताची बोटंही पुरी लागली नाहीत. पण पोरगी हट्टी.

"पंधरा वर्षं ह्या गावात जगले ना मी? मग गावाने एकदा माझ्याकडे बघायला नको? मागे पडद्यावरचा समुद्र लावून मी कुणाला दाखवू? खरा समुद्र इथून दोन कोसांवर आहे."

नेरेइदाने माझी झालर चाचपली. मग म्हणाली, "जूनअखेरपर्यंत चौदा जोड्या जमव. जमल्या तर हॉलमध्ये नाच. नाही जमल्या तर मुकाट्याने स्टुडिओत चलायचं, आणि हा झगाही त्या माणसाला देऊन टाकायचा. तो कधीपासून मागतोय."

त्या स्टुडिओवाल्याला मी ओळखून होतो. तो गावोगावचे जुने झगे विकत घेतो, पाठीत वरपासून खालपर्यंत कात्री मारतो आणि चिमटे लावतो, म्हणजे कुठलाही झगा कुठल्याही मुलीला पुढून नीट दिसतो. मागून काहीही असेना, फोटोत पाठ येतेय कशाला! माझ्या बावीस हुकांचा विचार मनात आला आणि मला घाम फुटला असता, फुटत असता तर.

लियानेत तडक एवेलियो मास्तरकडे गेली. मास्तर आता अडुसष्ट वर्षांचा. रुबाब तसाच, केस गेले. त्याने गंभीरपणे एका पुठ्ठ्यावर लिहिलं: 'वॉल्ट्झसाठी चौदा जोड्या हव्यात. वय चौदा ते सोळा. पाय सरळ असावेत. उशिरा येणाऱ्यास घेतलं जाणार नाही.' आणि तो पुठ्ठा रेशनच्या दुकानाबाहेर लावला. सवयीने त्याने 'गर्दी करू नये' असंही खाली लिहिलं होतं.

पुठ्ठा महिनाभर लटकला. एकदा एक कोंबडी त्याच्या सावलीत बसली. बाकी कुणी आलं नाही. जुळे भाऊ ठरल्याप्रमाणे गेले. जाताना लियानेतला मिठी मारून रडले, आणि ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. ओरडून, अगदी मोठ्याने. मी पेटीवरच ठेवलेला होतो, मला सगळं ऐकू आलं. तिला नाचायला न मिळण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. आजीला ती म्हणाली, "ह्या गावात मी एकटीच पंधरा वर्षांची आहे, आजी. माझ्याबरोबर कोणीच नाही." नेरेइदाने तिचे केस विंचरले.

जूनचा शेवटचा शनिवार आला. स्टुडिओवाला गाडी घेऊन रेशनच्या दुकानापाशी येणार होता. नेरेइदाने मला चादरीत बांधलं, लियानेतला बरोबर घेतलं, आणि गाडी यायला वेळ होता म्हणून दोघी पावाच्या रांगेत शिरल्या.

"शेवटचं कोण?" नेरेइदाने नेहमीसारखं विचारलं.

"मी, आणखी कोण!" सोइला गरजली. "आणि माझ्यापुढे तो रिगोबेर्तो, त्याच्यापुढे अर्धी सान्ता रुफिना. पाव अजून भट्टीत आहे म्हणे. हे गाठोडं कसलं गं?"

चादरीचं एक टोक सुटलं होतं आणि माझी झालर बाहेर डोकावत होती. सोइलाने ती दोन बोटांत धरली. तिचं तोंड उघडं राहिलं, आणि सोइलाचं तोंड आवाजाशिवाय उघडं राहणं ही आमच्या गावातली ऐतिहासिक घटना आहे.

"अगं, हा तोच! माझी हुकं उडाली होती तो!"

झालं. रांगेतल्या बाया गोळा झाल्या. मला चादरीतून बाहेर काढून हातोहात फिरवलं. "माझ्या वेळी पाऊस होता." "माझ्या वेळी केक खाली पडला." "ह्यात मी कशी मावत होते गं देवा?" कुणीतरी वॉल्ट्झ गुणगुणायला लागलं. आणि मी काय बघावं? त्या बायकांचे पाय हलायला लागले. डावा पुढे, उजवा जवळ, गिरकी. पावाची पिशवी हातात तशीच. रिगोबेर्तो, जो दिवसभर डॉमिनोच्या टेबलाशी बसून असतो आणि फक्त सोंगट्या आपटायला उठतो, त्यानेही बूट टेकून ताल धरला. चव्वेचाळीस वर्षांत एकाही पावलाची जागा चुकली नव्हती.

मित्रांनो, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंधरा वर्षांची ती सगळी गर्दी कुठे आटली म्हणून मी पेटीत पडल्या पडल्या कुढत होतो. अहो, ती आटली कुठे होती? बरेच जण गेले खरे, पण उरलेली गर्दी इथेच पावाच्या रांगेत उभी होती! ती फक्त पुढे सरकली होती. पंधराची विशीत गेली, विशीची चाळिशीत, आणि आता साठीपाशी येऊन थांबली होती. गर्दी तीच, तिच्या मागे मात्र जागा रिकामी राहिली होती, आणि त्या रिकाम्या जागेत एकटी लियानेत उभी होती.

लियानेतलाही ते दिसलं. तिने रांग मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... तिच्या ओठांकडे मी बघत होतो.

"सोइला मावशी," ती एकदम म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला नाचाल?"

"मी? अगं, मी हलले की जमीन हलते."

"हलू दे. तुम्ही, रिगोबेर्तो काका, सगळेच. मला अठ्ठावीस माणसं हवीत."

"माझा गुडघा कारखान्याच्या आधी बंद पडलाय, पोरी," रिगोबेर्तो म्हणाला. "पण कारखान्यासारखा कायमचा नाही. तेल घातलं तर चालेल."

एवेलियो मास्तर रांगेत पुढे उभा होता. तो मागे आला तो लालबुंद होऊनच. "काय चाललंय काय? पंधरा वर्षांच्या मुलीचा नाच आहे हा, पेन्शनरांचा नव्हे! पुठ्ठ्यावर स्वच्छ लिहिलंय, वय चौदा ते सोळा!"

सोइलाने कमरेवर हात ठेवले. "एवेलियो, पाढे येतात ना तुला? पंधरा चोक किती?"

"साठ."

"मग? ही पोर एकदा पंधरा झाली, आम्ही चारदा झालोय. आता बोल!"

रांगेत असा हशा पिकला की भट्टीवाला पाव टाकून बाहेर आला. एवेलियोने डोक्यावर हात फिरवला. शेवटी म्हणाला, "उद्या चार वाजता हॉलमध्ये. उशिरा येणाऱ्यास घेतलं जाणार नाही."

स्टुडिओवाला आला तेव्हा नेरेइदाने मला पुन्हा चादरीत बांधलं होतं. त्याने हात पुढे केला. "विकायचा नाही," ती म्हणाली. "नाच ठरलाय." त्याने खांदे उडवले आणि पाव घेऊन परत गेला. माझी पाठ वाचली.

पुढचे पाच आठवडे काय वर्णावेत! रिगोबेर्तो सोडून पुरुष अकराच मिळाले. बाकीचे गेलेले, किंवा आजारी, किंवा लाजरे. तीन जोड्या बायका-बायकांच्याच झाल्या. एवेलियो कुरकुरला, तर सोइला म्हणाली, "पुरुष काय पेरून उगवतात? आहे त्यात भागव." त्यात तिला बाईसारखं नाचायचंच नव्हतं, तिला पुरुषाची पावलं हवी होती. तालमीत कुणाची पाठ धरायची, कुणाला मध्येच औषधाची वेळ आठवायची. एवेलियो ओरडायचा, "पाय आहेत की उसाच्या मोळ्या?" आणि साठीची माणसं शाळकरी पोरांसारखी खुसुखुसु हसायची. ह्या सगळ्यांच्या मधोमध लियानेत. तिचा जोडीदार रिगोबेर्तो. तो तिच्या पायावर पाय द्यायचा आणि दर वेळी "माफ कर, राणीसाहेब" म्हणायचा. पोरगी हसायला लागली होती. नेरेइदाने माझी चाखलेली झालर बदलली, खालची माया सोडून मला चार बोटं लांब केलं. फोनवर माइदेलिनला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "तुम्हाला वेड लागलंय." आणि मग, "मला दाखवा हं. सगळं दाखवा."

नाच दुपारी चारला ठेवला होता, वीज संध्याकाळी जाते म्हणून. वीज चार वाजून दहा मिनिटांनी गेली. आमची वीज पाहुण्यासारखी नाही, पाहुणा निदान जाताना सांगून जातो. वॉल्ट्झ नुकता रंगात आला होता, आणि स्पीकर मुका झाला. जोड्या जागच्या जागी थबकल्या. लियानेतचं काळीज धडधडताना मला स्पष्ट कळलं, मी त्याच्यावरच होतो ना.

"थांबलात का?" एवेलियो ओरडला. "१९८० साली काय स्पीकर होते?" आणि त्याने टाळ्यांवर ताल धरला. एक दोन तीन, एक दोन तीन. खिडक्यांत उभ्या असलेल्या लोकांनी गाणं उचललं. पाय पुन्हा सुरू झाले. कसा नाचलो मी! सातही झालरी फुलल्या होत्या. चौदा जोड्या माझ्याभोवती फिरत होत्या, आणि मी मध्ये. नेरेइदा चौथ्या जोडीत होती, खिडकीतून बघणाऱ्या तिच्या शेजारणीच्या हातात फोन होता, आणि फोनमध्ये माइदेलिन हमसून हमसून रडत होती.

पण एक घोटाळा झाला. रेकॉर्ड असती तर सहा मिनिटांनी संपली असती. एवेलियोच्या टाळ्यांना शेवट नव्हता. इतक्या वर्षांनी चौदा जोड्या बघून मास्तरला असं भान सुटलं, की तो थांबेचना. आठ मिनिटं झाली, दहा झाली. पहिल्यांदा एक जोडी भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसली. मग दुसरी. रिगोबेर्तो म्हणाला, "माफ कर, राणीसाहेब, तेल संपलं," आणि तोही बसला. शेवटी सोइलासुद्धा बदकन बसली. हॉलच्या चारी बाजूंनी खुर्च्या, खुर्च्यांवर धापा टाकणारी एकोणतीस माणसं, आणि मधोमध लियानेत एकटी.

ती थांबली नाही. एकटीच फिरत राहिली. जोडीदार नाही तर नाही! दोन्ही हात पसरून तिने मला असं भोवंडलं की खुर्च्यांवर वारा लागला. बसल्या जागेवरून सगळ्यांनी टाळ्या धरल्या. गावाने तिच्याकडे बघितलं, मित्रांनो. पापणी न लववता बघितलं.

मग ती थेट खुर्च्यांकडे गेली. "उठा," म्हणाली. "शेवट सगळ्यांनी मिळून करायचा असतो." आणि एकेकाला हात देऊन ओढून उभं करायला लागली. रिगोबेर्तोला ओढलं. त्याच्या शेजारणीला ओढलं. तिसरा, चौथा. माणसं थकलेली, हात दिला की सगळं अंग तिच्यावर टाकायची. पाचव्याला उचलताना ती वाकडी झाली. सोइलापाशी पोचली तेव्हा तिचा श्वास मला फाटल्यासारखा ऐकू येत होता. सोइलाने दोन्ही हात दिले, लियानेतने जीव खाऊन ओढलं, आणि माझी काखेतली शिवण टर्रकन उसवली. माया संपली होती. नेरेइदाने ती सगळी उंचीत सोडली होती आणि काखेतली कधीच खर्ची पडली होती.

लियानेत तशीच उभी, एका हाताने काख झाकून. अजून वीस-बावीस माणसं बसलेली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. एकटीने एवढ्यांना कसं उठवायचं?

पुढच्या खुर्चीवर नेरेइदा होती. लियानेतने तिच्याकडे हात केला आणि ओढायला पाय रोवला.

"ओढू नकोस गं," नेरेइदा म्हणाली. "उठते मी. तू नुसता हात धर."

तिने दोन्ही पावलं जमिनीवर घट्ट टेकली, गुडघ्यांवर जोर दिला, आणि उठली. लियानेतने हात धरला होता एवढंच. मग पलीकडच्याने ते बघितलं आणि तोही तसाच उठला. मग त्याच्या पलीकडची. लियानेत प्रत्येकापुढे नुसता हात धरत गेली आणि माणसं आपापल्या पायांवर उभी राहत गेली. सगळ्यांच्या शेवटी उठली सोइला, मघाशी ओढताना परत खुर्चीत आपटलेली. उठता उठता म्हणाली, "जमीन हलली तर मला बोलू नका." चौदा जोड्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि एवेलियोने शेवटच्या तीन टाळ्या वाजवल्या.

माझी काख दुसऱ्या दिवशी नेरेइदाने शिवली. आतून ठिगळ लावलंय, बाहेरून कळत नाही. गावात ह्यापुढची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. चार वर्षं थांबायचंय, थांबेन. मला घाई नाही.

मित्रांनो, अशा नाचाची पाळी तुमच्यावरही येईल. तुम्ही पोरं मोजकी असाल आणि तुमच्याभोवती दमून खुर्च्यांवर बसलेली माणसं पुष्कळ असतील. तेव्हा हात जरूर द्या. कुणी कंटाळा केला तर तो माझ्या झालरींचा अपमान समजेन. पण सगळं ओझं एकट्याने ओढू नका, शिवण उसवते. आणि घरी जाल तेव्हा आपल्या मोठ्या माणसांना माझा एवढा निरोप द्या: पोराने हात पुढे केला, की आधी आपले पाय टेका.